वाटी भरलेली आहे, तरी साप तहानलेला? पाळीव सापाचं पाणी कसं सांभाळावं

साप जरा मलूल दिसला की लोक आधी त्याच्या खाण्याची चौकशी करतात. शेवटचं कधी खाल्लं, उंदीर केवढा होता, गोठवलेला की ताजा. पाण्याचं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "वाटी भरलेली असते की!" माझ्याकडे भुरी नावाची बॉल पायथन आणि तांबू नावाचा कॉर्न स्नेक आहे. शिवाय ओळखीतले लोक आपले साप अडचणीच्या वेळी माझ्याकडे आणून सोडतात. तुकड्यातुकड्यांनी निघणारी कात, बद्धकोष्ठता, खाणं टाकणं अशा तक्रारी घेऊन आलेल्या सापांचं मूळ दुखणं शोधत गेलं, की फार वेळा ते पाण्यापाशी येऊन थांबतं. आणि त्यांच्या घरी वाटी खरंच भरलेली असते.

याचं कारण असं की सापाच्या अंगातलं पाणी एकट्या वाटीवर अवलंबून नसतं. तो पितो ते एक, भक्ष्यातून मिळतं ते दुसरं, आणि तिसरं म्हणजे हवेत पुरेसा दमटपणा असल्यामुळे श्वासातून आणि कातडीतून उडून न जाता अंगात टिकून राहतं ते. पहिल्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. तिसऱ्याकडे फार थोड्यांचं. म्हणून हवेबद्दल मी इथे जास्त लिहिलं आहे.

हे सगळं बंदिस्त पैदाशीतून आलेल्या, रीतसर कागदपत्रं असलेल्या बिनविषारी सापांबद्दल आहे. रानातला साप धरून आणून पाळू नका. कायद्याचा भाग आहेच, पण त्या जिवाच्या दृष्टीनेही ते वाईट आहे. पकडलेला साप घाबरून पाणी पीत नाही, बरेचदा अंगात परजीवी असतात, आणि तो आतल्या आत सुकत जातो.

साप पाणी कसा पितो ते एकदा नीट बघा

जीभ पाणी पिण्यासाठी नसते, ती वास घेण्यासाठी असते. तहानलेला साप वाटीच्या काठावरून डोकं खाली आणतो, तोंडाचं टोक पाण्याला टेकवतो, जबडे जेमतेम उघडतो आणि स्थिर होतो. वरून बघणाऱ्याला वाटतं, नुसता बसला आहे. पण जबड्याच्या मागच्या कोपऱ्याकडे बघितलंत तर तिथली कातडी लयीत आत-बाहेर होताना दिसते. पूर्वी समज होता की साप पाणी नळीने ओढावं तसं ओढून घेतो. अलीकडे काही जातींवर झालेल्या अभ्यासातून वेगळंच दिसलं. खालच्या जबड्याच्या आतल्या मऊ कातडीला बारीक घड्या असतात. मोठं भक्ष्य गिळताना जबडा पसरतो तेव्हा त्याच घड्या उलगडतात. पाणी पिताना त्या घड्यांत पाणी स्पंजात शिरावं तसं आपोआप शिरतं आणि स्नायू ते दाबून घशाकडे ढकलतात.

म्हणजे पिण्याचं काम सावकाश चालतं. भुरी कधी कधी कितीतरी मिनिटं तशीच तोंड टेकवून असते. त्या वेळी पेटी उघडू नका, दिवा लावू नका, फोटो काढायला वाकू नका. पिताना दचकलेला साप मागे फिरतो आणि पुन्हा यायला बराच वेळ घेतो.

सगळे साप वाटीतून पितातच असंही नाही. रॅटलस्नेक पावसात अंग चपटं करून वेटोळं घालतो आणि स्वतःच्याच अंगावर साचलेलं पाणी पितो. पिवळ्या पोटाचा समुद्रसाप सारा जन्म समुद्रात काढतो, पण खारं पाणी पीत नाही. पाऊस पडला की समुद्राच्या पृष्ठावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगतो, त्यातून तो तहान भागवतो. पाळीव सापांतही झाडावर राहणाऱ्या जाती, उदाहरणार्थ ग्रीन ट्री पायथन, पानांवरचे आणि अंगावरचे थेंब पिणं पसंत करतात. अशा सापाला खाली वाटी ठेवून भागत नाही. संध्याकाळी, तो जागा होण्याच्या वेळी, फांद्यांवर आणि त्याच्या वेटोळ्यांवर बारीक फवारा मारा आणि थोडं दूर उभं राहून बघा. तहानलेला असेल तर लगेच थेंब टिपायला लागेल. नवीन आणलेली पिल्लंही अनोळखी वाटीकडे दुर्लक्ष करतात, पण भिंतीवरचे थेंब पितात.

वाटी

जड असावी, सहज उलटू नये. चिनी मातीची किंवा जाड काचेची उत्तम. साप गुंडाळी करून आत बसू शकेल इतकी रुंद असली तर चांगलंच, पण मग ती पाऊण भरू नका. साप आत शिरला की पाणी वर चढतं आणि काठावरून सांडून खालचा थर भिजवतं. निम्मी भरलेली पुरे. पिल्लांसाठी उथळ वाटी, आणि बाहेर यायला सोपं जावं म्हणून आत एखादा गुळगुळीत दगड. पिल्लांच्या बाबतीत एक लक्षात असू द्या. लहान अंगातून पाणी फार लवकर उडतं, त्यामुळे मोठा साप जे सहज सोसतो ते पिल्लाला झेपत नाही.

वाटी कुठे ठेवायची हे हवेवर ठरतं. पेटीतली हवा कोरडी असेल तर वाटी उबदार बाजूच्या जवळ सरकवा, वाफ जास्त होते. हवा आधीच दमट असेल तर थंड बाजूला. पण हीट मॅटच्या (पेटीखाली ऊब देणाऱ्या चटईच्या) थेट वर कधीच ठेवू नका. कोमट, साचलेल्या पाण्यात जिवाणू झपाट्याने वाढतात.

पाणी रोज बदलावं. स्वच्छ दिसत असलं तरी. वाटीच्या आतून बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागलं तर तो जिवाणूंचा थर आहे, आणि नुसतं पाणी ओतून नवं भरल्याने तो जात नाही. ब्रशने घासावा लागतो. आठवड्यातून एकदा साबणाने धुऊन, पातळ केलेलं ब्लीच किंवा क्लोरहेक्सिडीन लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग वास जाईपर्यंत खळखळून धुवा आणि पूर्ण वाळवा. माझ्याकडे प्रत्येक सापाच्या दोन वाट्या आहेत. एक पेटीत, एक वाळत. साप बरेचदा पाण्यातच शी करतात. तसं झालं तर दिवस संपायची वाट न बघता लगेच बदला.

सापांच्या पोटात साल्मोनेला असू शकतो, त्यामुळे या वाट्या स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका. वेगळा ब्रश, वेगळी जागा, आणि नंतर साबणाने हात.

पाणी म्हणाल तर आपण पितो तेच द्यावं. क्लोरीनचा वास येत असेल तर रात्रभर उघडं ठेवलं की बराचसा उडतो. मात्र काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन वापरतात, ते असं उडत नाही. त्यासाठी मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं कंडिशनर चालतं. दूध, ग्लुकोज, खेळाडूंची पेयं यांतलं काहीही देऊ नका. दूध सापाला पचत नाही. तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल ते द्रव पितो, तो मजबुरीने.

हवा

इथे खरं काम आहे.

बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. बाहेर गवताळ, बऱ्यापैकी कोरडा प्रदेश. त्यामुळे पुष्कळ जण म्हणतात, याला दमटपणा कशाला? पण हा साप दिवसभर असतो कुठे? उंदरांच्या बिळात, वाळवीच्या वारुळात. तिथली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी ओलसर असते. आपण त्याला बाहेरची हवा देतो आणि बीळ द्यायला विसरतो.

आकडेच सांगायचे तर बॉल पायथनला साधारण ६० ते ७० टक्के आर्द्रता ठेवावी, कात येताना ७०च्या वर गेली तरी चालते. कॉर्न स्नेकला ४५ ते ६०. ब्राझिलियन रेनबो बोआला ७५ ते ९०, त्याला कोरडी हवा अजिबात सोसत नाही. वेस्टर्न हॉगनोजला ३० ते ५० पुरते. केनियन सँड बोआ तर कोरड्या वाळूतला. पण कोरड्या प्रदेशातल्या सापालाही पिण्याची वाटी आणि दबा धरून बसायला एक ओलसर कोपरा लागतोच. "वाळवंटी आहे, पाणी नको" हा सल्ला ऐकू नका.

आता आकडा मोजायचा कसा. काट्याचे गोल हायग्रोमीटर स्वस्त असतात आणि बेभरवशाचे असतात. डिजिटल घ्या आणि घेतल्यावर मिठाने तपासा. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या. त्यावर थेंबथेंब पाणी टाका, मीठ ओलं, लगद्यासारखं व्हायला हवं, विरघळून पाणी सुटता कामा नये. हे झाकण आणि हायग्रोमीटर शेजारीशेजारी एका हवाबंद डब्यात ठेवा, एकमेकांना लागू देऊ नका. खोलीच्या तापमानाला रात्रभर, जमलं तर पूर्ण दिवस राहू द्या. ओल्या मिठाच्या सान्निध्यात बंद हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन स्थिरावते. डबा न उघडताच आकडा वाचा. ७१ दाखवत असेल तर तुमचं यंत्र चार कमी दाखवतं. तेवढं यंत्राच्या पाठीवर पेनने लिहून ठेवा. दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासा, कारण ही यंत्रं हळूहळू ढळतात.

हायग्रोमीटर एकच असेल तर थंड बाजूला, सापाच्या उंचीवर लावा. झाकणाजवळचा आकडा सापाच्या काही कामाचा नाही. दोन असतील तर उत्तम, आणि मग एक गोष्ट तुमच्या ध्यानात येईल: एकाच पेटीत उबदार बाजूचा आकडा कायम कमी असतो. पाणी तेवढंच, पण तापलेल्या हवेची पाणी धरायची ताकद वाढलेली असते, म्हणून टक्केवारी खाली येते. खोलीतली २२ अंशांची, ६० टक्के आर्द्रतेची हवा तुम्ही पेटीत ३२ अंशांपर्यंत तापवलीत, तर पाण्याचा एक थेंबही बाहेर न जाता ती ३३ टक्क्यांवर येते. पाऊस कोसळत असताना घरातला साप कोरडा का पडतो, याचं उत्तर यात आहे. थंडीत हीटर लावलेल्या खोलीत आणि उन्हाळ्यात एसीच्या खोलीत तर विचारायलाच नको.

उष्णतेचं साधन थर्मोस्टॅटवर नसेल तर आर्द्रतेच्या मागे लागून उपयोग नाही, आधी तो बसवा. बॉल पायथनला उबदार बाजू ३१ ते ३३ अंश, थंड बाजू २५ ते २७. कॉर्न स्नेकला उबदार बाजू २९ ते ३१ आणि थंड बाजू २२ ते २५ पुरेशी.

दमटपणा टिकवायचा तर आधी तो कुठून निसटतो ते बघा. जाळीचं झाकण असेल तर तिथूनच. जाळीचा दोन तृतीयांश भाग अ‍ॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीने किंवा अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्याने झाका. पट्टी नेहमी बाहेरच्या बाजूने लावा. आतून लावलेली सुटली तर सापाच्या खवल्यांना चिकटते, आणि ती काढताना कातडी सोलली जाते. वर दिवा असेल तर त्याच्या भोवतीची जागा मोकळी सोडा.

मग तळाचा थर. वर्तमानपत्र किंवा टिश्यू पेपर साफसफाईला सोपा, पण पाणी धरत नाही. अ‍ॅस्पेनचा भुसा ओला झाला की बुरशी धरतो, त्यामुळे तो कोरड्या जातींनाच ठीक. दमटपणा हवा असलेल्यांना कोकोपीट, सायप्रसच्या सालीचे तुकडे, किंवा दोन्ही मिसळून. सात ते दहा सेंटिमीटर जाड थर द्या. देवदार आणि पाइनचा ताजा भुसा नको, त्यातल्या तेलाचा उग्र वास श्वसनमार्गाला त्रास देतो.

या थरात पाणी कसं घालायचं हे महत्त्वाचं आहे. वरून फवारू नका. फवाऱ्याने आकडा क्षणभर वर उडी मारतो आणि थोड्याच वेळात होता तिथे येतो, वर सापाचं पोट ज्यावर टेकतं ती जागा ओली राहते. त्याऐवजी पेटीच्या चारही कोपऱ्यांत, काचेला लागून, हळूहळू पाणी ओता. ते तळाशी जाऊन पसरतं आणि हळूहळू वर वाफ सोडत राहतं. थोड्या वेळाने वरचा थर मुठीत घेऊन दाबा: हाताला गार लागला पाहिजे, पण बोटं ओली होता कामा नयेत. खाली दमट, वर कोरडं, हेच साधायचं असतं. सतत ओल्यावर पडून राहणाऱ्या सापाच्या पोटाच्या खवल्यांवर तांबूस डाग, मग पाण्याचे फोड येतात. याला स्केल रॉट म्हणतात. ओल आणि गारठा एकत्र आले की श्वसनाचा संसर्गही होतो. म्हणून जास्त दमटपणाच्या नादात हवा खेळती राहणं बंद करू नका.

ज्याला हे सगळं जड वाटतं त्याने निदान ओलसर लपण तरी द्यावं. झाकणाचा अपारदर्शक प्लास्टिकचा डबा, बाजूला सापाच्या सर्वांत जाड भागापेक्षा थोडं मोठं भोक, भोकाच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या, आत भिजवून घट्ट पिळलेलं स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं शेवाळ. हा डबा उबदार आणि थंड बाजूच्या मध्ये ठेवा. तांबूच्या पेटीत हाच उपाय पुरतो. एरवी तो त्या डब्याकडे फिरकत नाही, पण डोळे दुधाळ व्हायला लागले की आपण होऊन आत जाऊन बसतो. मॉस आठवड्याला धुवा, वास यायला लागला तर फेकून द्या.

कात वाचायला शिका

सापाला पाणी पुरतं आहे की नाही याचा सर्वांत खरा दाखला त्याची कात देते.

कात येण्याआधी रंग मळकट होतो, बॉल पायथनचं पोट गुलाबी दिसू लागतं, मग डोळे निळसर-पांढरे होतात. जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव भरल्यामुळे असं होतं. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ दिसतात आणि अनेकांना वाटतं, झालं. झालेलं नसतं. कात त्यानंतर साधारण चार ते सात दिवसांनी उतरते. मधला तो द्रव तयार व्हायला अंगात पाणी हवं. ते कमी पडलं की जुनी कातडी नवीला चिकटून बसते. म्हणून रंग मळकट दिसला की लगेच आर्द्रता वाढवा. कात निघायला लागल्यावर केलेली धावपळ उशिराची असते. या काळात सापाला दिसतही नीट नाही, त्याला हाताळू नका आणि खायचा आग्रहही करू नका.

उतरलेली कात फेकण्याआधी तपासा. ती ओठांपासून सुटून उलटी होत मागे निघालेली असते आणि ओलसर असेपर्यंत मऊ असते. सुकून चुरगळली असेल तर कोमट पाण्यात बुडवा, आपोआप उलगडते. टेबलावर पसरा आणि डोक्याकडचा भाग उजेडासमोर धरा. दोन डोळ्यांच्या जागी दोन स्वच्छ, गोल, पारदर्शक चकत्या दिसल्या पाहिजेत. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर हाच एक पारदर्शक खवला असतो आणि प्रत्येक कातीबरोबर तोही बदलतो. तिथे चकतीऐवजी भोक असेल तर ती सापाच्या डोळ्यावरच राहिली आहे. मग शेपटीचं टोक बघा, ते टोकदार आणि बंद असावं. उघडं असेल तर टोकावर कडं राहिलेलं असण्याची शक्यता आहे. अशी कडी एकावर एक साचली की सुकून आवळतात, रक्त पोचत नाही आणि शेपटीचं टोक काळं पडून गळून जातं. कात अंगापेक्षा लांब दिसली तर गोंधळू नका, ती ताणली जाते.

अंगावर तुकडे राहिले असतील तर सोलू नका. झाकणाला भोकं असलेल्या डब्यात कोमट पाण्यात पिळलेला जाड टॉवेल घाला, त्यात सापाला अर्धा तास सोडा, डबा २८ ते ३० अंशांच्या आसपास राहील असं बघा. घड्यांमधून सरपटताना बरंचसं आपसूक सुटतं. उरलेलं ओल्या कापडाच्या हलक्या पकडीतून सापालाच पुढे सरकू देऊन काढा. डोळ्यावरची चकती मात्र घरी काढायला जाऊ नका, ना चिमट्याने, ना नखाने, ना चिकटपट्टीने. तिच्या खाली खरा डोळा आहे. आर्द्रता नीट ठेवली तर पुढच्या कातीबरोबर ती बहुधा निघते. नाही निघाली तर डॉक्टर.

शी, युरेट आणि मूत्रपिंड

सापाला मूत्राशय नसतं. आपल्यासारखं युरिया पाण्यात विरघळवून तो बाहेर टाकत नाही, तर युरिक आम्ल जवळजवळ घन रूपात टाकतो. शीबरोबर जो पांढरा भाग दिसतो तो हाच, युरेट. पाणी वाचवण्याची ही फार मोठी सोय आहे, पण युरेट मूत्रपिंडातून पुढे सरकायलाही थोडं पाणी लागतंच.

हातमोजा घालून किंवा काडीने तो पांढरा भाग दाबून बघा. पांढरा ते फिकट पिवळसर आणि सहज पसरणारा असेल तर ठीक. कडक, रवाळ, गडद पिवळा किंवा नारिंगी झाला असेल तर पाणी कमी पडतं आहे. असंच महिनोन्‌महिने चाललं तर युरेटचा खडा अडकतो, किंवा युरिक आम्ल सांध्यांत आणि अवयवांवर साचून गाउट होतो, मूत्रपिंडं कायमची निकामी होतात. साप हे सगळं गुपचूप सोसतो. बाहेरून कळेपर्यंत आत बरंच बिघडलेलं असतं, म्हणून शीकडे बघायची सवय लावून घ्या.

भक्ष्यातलं पाणी

उंदराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग पाणीच असतो, त्यामुळे नियमित खाणाऱ्या सापाला जेवणातून बरंच पाणी मिळतं. गोठवलेला उंदीर फ्रिजमध्ये रात्रभर वितळवा, मग गरम पाण्यात धरून कोमट करा. पाणी कमी पडलेल्या सापाला उंदीर न पुसता, ओलाच द्यावा. मात्र सुकलेल्या सापाला मोठं भक्ष्य देऊ नका. पचनाला पाणी लागतं आणि प्रथिनांतून युरिक आम्ल वाढतं. आधी पाणी, मग छोटं भक्ष्य.

खाल्ल्यानंतर दोन दिवस आंघोळ नाही, हाताळणं नाही. सापाने खाल्लेलं ओकून टाकलं तर अंगातलं पाणी आणि पाचक रस दोन्ही जातात. तेव्हा ताजं पाणी ठेवून दहा ते चौदा दिवस त्याला काहीही खायला देऊ नका, नंतर नेहमीच्या निम्म्याने सुरुवात करा. पुन्हा ओकला तर घरी प्रयोग करत बसू नका.

सुकलेला साप ओळखणं, आणि मग काय

अंगावर लांबीच्या दिशेने सुरकुत्या, वेटोळं सुटल्यावरही वळणापाशी राहिलेली घडी, डोळ्यावरची चकती आत दबलेली, तोंडात चिकट तार धरणारी लाळ, कडक युरेट, मंदावलेली हालचाल. घडी आणि दबलेली चकती कातीच्या दिवसांत थोडीफार दिसू शकते, म्हणून एका खुणेवर निर्णय घेऊ नका. डिजिटल वजनकाट्यावर महिन्याला वजन घेऊन लिहून ठेवा. मोठे बॉल पायथन वर्षाच्या काही काळात महिनोन्‌महिने खात नाहीत, तेव्हा वजन टिकून आहे की घसरतं आहे यावरच काळजीचं कारण ठरतं. दहा टक्क्यांहून जास्त घट झाली तर दाखवायला न्या.

सौम्य कोरडेपणाला आर्द्रता, ओलसर लपण आणि ताजं पाणी एवढं पुरतं. त्याने फरक पडला नाही तर पाण्यात बसवता येतं: २८ ते ३० अंशांचं पाणी, थर्मामीटरने मोजून, सापाच्या अंगाच्या निम्म्या उंचीएवढं, पंधरा-वीस मिनिटं, आणि तेवढा वेळ तुम्ही तिथेच. कातडीतून पाणी आत जातं असं समजू नका. अशा वेळी साप ते पितो, हा फायदा. पण हा उपाय आहे, दर आठवड्याचा नेम नव्हे. साप त्यात घाबरतो, आणि हवा नीट असेल तर याची गरजच पडत नाही.

सिरिंजने तोंडात पाणी ओतू नका. सापाची श्वासनलिका तोंडात अगदी पुढे, खालच्या जबड्यावर उघडते. पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकतं.

साप स्वतःहून तासन्‌तास वाटीत बसून असेल तर कौतुक करू नका, कारण शोधा. कात जवळ आली असेल, पेटी जास्त तापली असेल, लपायला धड जागा नसेल. आणि यांतलं काही नसेल तर माइट, म्हणजे अंगावरचे बारीक परजीवी. वाटी पांढऱ्या कागदावर रिकामी करा. टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसले, किंवा डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीखालच्या खाचेत तसे ठिपके हलताना दिसले, तर त्या माइटच. त्या रक्त पितात, साप आणखी सुकतो, आणि रोगही पसरतात. म्हणून नवीन साप आला की निदान तीन महिने वेगळी खोली, वेगळी वाटी, वेगळा ब्रश, आणि त्याची साफसफाई सगळ्यांच्या शेवटी.

डॉक्टरांकडे जाताना

तोंड उघडं ठेवून श्वास, नाकातोंडातून फेस, डोळे खोल गेलेले, दोनदा उलटी, पोटाला फोड, किंवा दोन दिवस सगळं नीट करूनही सुरकुत्या तशाच, अशा वेळी सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेले पशुवैद्य गाठा. ते कातडीखाली किंवा पोटाच्या पोकळीत सलाइन देतात, ते काम घरी होण्यासारखं नाही. सापाला काही काळ पाणी कमी पडत होतं अशी शंका असेल तर औषध ठरण्याआधीच तसं सांगा. अमिकासिन, जेंटामायसिन यांसारखी काही प्रतिजैविकं सुकलेल्या सापाच्या मूत्रपिंडांना इजा करतात आणि द्रव दिल्याशिवाय देता येत नाहीत.

शेवटची कात आणि शेवटची शी झिपच्या पिशवीत घाला, तापमान-आर्द्रतेचे आकडे आणि वजनाची वही सोबत घ्या. सापाला सुती पिशवीत, तोंड बांधून, भोकं असलेल्या डब्यात ठेवा. प्रवासात डब्यात पाण्याची वाटी नको, ती सांडून साप गारठतो. पिशवीखाली एक किंचित दमट कापड पुरे. घरी परतल्यावर त्याला आधी पेटीत सोडा, ताजं पाणी भरा, दिवा मालवा आणि त्या रात्री पेटी उघडू नका.